उफ्फीत्सीला जाण्यापूर्वी



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी इटलीतील एका चित्रसंग्रहालयाचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण अगदी साधे आहे. या शाळेचे काही माजी विद्यार्थी युरोपच्या प्रवासाला निघाले आहेत आणि त्यांनी मलाही सोबत घेण्याचे ठरविले आहे. प्रवासाची जी कार्यक्रमपत्रिका हाती आली, तिच्यात फ्लॉरेन्स शहराला एक दिवस आणि तेथील उफ्फीत्सी संग्रहालयाला दीड तास दिलेला आहे. माझे वय चौऱ्याहत्तर. पंढरीची एक वारी चुकली तर पुढल्या वर्षी जाता येते. फ्लॉरेन्सची चुकली तर माझ्या बाबतीत ती कायमचीच चुकली. तेव्हा त्या दीड तासाचे काय करावे, तो वाढवून घ्यावा काय, आणि मुळात लोधीखेड्याच्या माणसाने तेथे जाऊन पाहायचे तरी काय, या प्रश्नांचा विचार मी गेले काही महिने करीत आहे. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम नावाविषयी. ‘उफ्फीत्सी’ हा शब्द कानाला भारदस्त वाटतो. परंतु त्याचा अर्थ ‘कचेऱ्या’ एवढाच आहे. फ्लॉरेन्सचा अधिपती पहिला कोसिमो मेदिची याने शहरात विखुरलेल्या न्यायाधिकाऱ्यांच्या व व्यापारी संघांच्या कचेऱ्या एका छपराखाली आणण्यासाठी इ. स. १५६० मध्ये ही इमारत बांधावयास घेतली. तिचा आराखडा जॉर्जो वासारी या चित्रकार-स्थपतीने केला. आर्नो नदीकडे तोंड करून उभी असलेली दोन लांब अंगे आणि त्यांना जोडणारी एक आखूड बाजू, असा तिचा घाट आहे. पुढे कोसिमोचा पुत्र फ्रान्चेस्को याने १५८१ मध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर घराण्याच्या संग्रहातील मूर्ती व चित्रे मांडली, आणि १५८४च्या सुमारास बुओन्तालेन्ती या स्थपतीकडून एक अष्टकोनी रत्नदालन करवून घेतले. खाली दप्तरे, वर चित्रे, अशी ही जगातील एक नामांकित चित्रशाळा सरकारी कचेरीच्या माळ्यावर जन्मास आली.

१५८४ हा आकडा मराठीच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटला पाहिजे. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्येच, पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या नाना प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला, असे परंपरा सांगते. हा निव्वळ योगायोग आहे, हे मी जाणतो. परंतु ज्याला आपण विद्येचे पुनरुज्जीवन म्हणतो, आणि ज्याला वासारीने आपल्या ग्रंथात ‘पुनर्जन्म’ अशा अर्थाचा इटालियन शब्द वापरला, त्याचा आरंभ रंगाच्या कुंचल्याआधी जुन्या पोथ्यांच्या शोधातून झाला होता. पोज्जो ब्राच्चोलीनी या विद्वानाने १४१७ मध्ये एका मठातून ल्युक्रीशिअस या रोमन कवीचे विस्मृतीत गेलेले काव्य शोधून काढले. हरवले ते शोधावे, बिघडले ते शुद्ध करावे आणि पुढच्यांच्या हाती सोपवावे, ही वृत्ती आर्नोकाठी होती तशी गोदाकाठीही होती. म्हणून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने आपण अगदीच परक्या दारी चाललो आहोत, असे मानण्याचे कारण नाही.

आता या संग्रहालयाच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना सांगतो. ती एका स्त्रीची आहे. १७३७ मध्ये जान गास्तोने हा शेवटचा मेदिची राजा निपुत्रिक वारला. युरोपातील मोठ्या सत्तांनी त्याचे राज्य लोरेन घराण्याला द्यावयाचे आधीच ठरवून ठेवले होते. मागे उरली त्याची बहीण आन्ना मारिया लुइझा. तीही विधवा व निःसंतान होती. राज्य वाचविणे तिच्या हाती नव्हते. परंतु चित्रे, मूर्ती, ग्रंथ, रत्ने हा तीन शतकांचा संग्रह तिच्या वारशात येत होता. तिने नव्या सत्ताधीशाशी त्याच वर्षी करार केला. संग्रह मी तुमच्या स्वाधीन करते. मात्र त्यातील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशीयांचे कुतूहल ही तीन कारणे त्या लेखात नमूद आहेत. १७४३ मध्ये ती वारली. १७६९ मध्ये लोरेन घराण्याच्या पीएत्रो लेओपोल्दो याने हे दालन सर्व लोकांस खुले केले. आज आपण तेथे जे पाहणार आहोत, ते फ्लॉरेन्समध्येच आहे याचे श्रेय चित्रकारांइतकेच त्या करारालाही आहे.

श्रोतेहो, याच १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन धडकले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत देवगडचे गोंड राज्य, आणि त्यासोबत आपला हा मुलूख, नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांच्या अमलाखाली आला. या नागपूरकर घराण्याचा शेवटही निपुत्रिक राजानेच झाला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. राजवाड्यात बाकाबाईसाहेबांसारखी करारी वृद्ध राजस्त्री होती. तिने दत्तकाचा हक्क मिळावा म्हणून शर्थ केली. पण लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विकले गेले. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले वैभव वाटेल त्या हातांत पांगले.

या दोन कथा शेजारी ठेवताना तारतम्य सोडता कामा नये. लोरेन घराणे करार करावयास तयार होते. कंपनी सरकारला बाकाबाईंचे ऐकून घेण्याची गरज वाटली नाही. दोष बाकाबाईंचा नव्हे. परंतु परिणाम पाहा. उफ्फीत्सीतील बोत्तिचेल्लीचे चित्र पाहावयास सारे जग फ्लॉरेन्सला जाते. आणि पहिल्या रघूजींची एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पुकारली गेली, तेव्हा महाराष्ट्र शासनाला सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती मिळवावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आली. तिचे पाते युरोपीय घडणीचे असून त्यावर देवनागरीत रघूजींचे नाव कोरलेले आहे. संग्रह राखणे म्हणजे काय आणि पांगणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी आपल्याला दुसरीकडचे उदाहरण शोधावे लागत नाही. म्हणूनच उफ्फीत्सीच्या दारात उभे राहताना त्या करारपत्राचे स्मरण नागपूर प्रांतीच्या माणसाला इतरांहून अधिक तीव्रतेने व्हावे, असे मला वाटते.

फ्लॉरेन्सशी मराठी माणसाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो करुण आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंडात त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या, आणि या प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहून ठेवली. परतीच्या वाटेवर त्यांची प्रकृती ढासळली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. ते शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. ख्रिस्ती रिवाजाच्या त्या नगरीत दहनाची प्रथा नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी खास अनुज्ञा दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने त्यांचे दहन झाले. कॅप्टन वेस्ट यांनी संपादिलेली त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. १८७४ मध्ये संगमाजवळ त्यांची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा, पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यामुळे ज्यांचे नाव झाले, त्या मेजर मँट यांचा. आतील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. १९७८ मध्ये आर्नोवर जवळच जो पूल खुला झाला, त्यालाही या छत्रीवरून ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे.

ही छत्री कास्चिने नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. उद्यान नदीकाठाने तीन-साडेतीन किलोमीटर पसरलेले असल्याने प्रवासी तिकडे सहसा फिरकत नाहीत. आमच्या कार्यक्रमपत्रिकेतही ती नव्हती. मी पहिली दुरुस्ती सुचविली ती हीच. उफ्फीत्सीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या छत्रीपाशी जाणार आहोत. जो विसाव्या वर्षी जग पाहावयास निघाला आणि घरी परतला नाही, त्याला नमस्कार करूनच पुढचे पाहणे सुरू करावे.

युरोपचे वैभव पाहून नुसते थक्क न होता ते आपल्या प्रजेच्या दाराशी आणणारेही आपल्यात होऊन गेले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याला १८९४ मध्ये संग्रहालय उभे केले. त्याला जोडून बांधलेली चित्रशाळा १९१४ मध्ये पुरी झाली. मात्र महायुद्धामुळे युरोपातील चित्रे अडकून पडल्याने ती १९२१ मध्ये खुली झाली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये जे संग्रहालय स्थापिले, त्यात रविवर्मा व धुरंधर यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे शिल्पही आहे. आसपासच्या खेड्यांतील माणसे देवीला आली की चित्रेही पाहत. या दोघांनी खाजगी वैभव लोकांचे केले. त्या इटालियन राजकन्येचा विचार त्यांनी आपल्या मातीत रुजविला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळतो. तिचे मी चार भाग केले आहेत.

पहिली तयारी वाचनाची. ज्याला रामकथा ठाऊक नाही, त्याने पंचवटीचे चित्र पाहिले तर त्याला एक हरिण आणि दोन-तीन माणसे एवढेच दिसेल. उफ्फीत्सीतील बहुतेक चित्रे ख्रिस्तकथेतील वा ग्रीक-रोमन पुराणांतील आहेत. देवदूताने मेरीला दिलेली वार्ता, पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बालकाला वाहिलेल्या भेटी, समुद्रातून प्रकटलेली व्हीनस, या तीन-चार कथा घरूनच वाचून निघावे. वासारीने १५५० मध्ये कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि १५६८ मध्ये ती वाढविली. आपल्या महिपतींनी १७६२ मध्ये भक्तविजय लिहून संतांसाठी जे केले, तेच काहीसे वासारीने चित्रकारांसाठी केले. दोघेही आख्यायिका मनापासून सांगतात. दोघांनाही इतिहासाच्या चाळणीतून वाचावे लागते. आणि दोघांवाचून आपले भागत नाही.

दुसरी तयारी डोळ्यांची, आणि ती नागपुरातच करता येते. १८६३ मध्ये स्थापन झालेले तेथील मध्यवर्ती संग्रहालय आपण सारे ‘अजब बंगला’ म्हणून ओळखतो. लहानपणी आपण तेथे एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडलो. आता तेथे जाऊन एकाच मूर्तीपुढे किंवा एकाच चित्रापुढे पंधरा मिनिटे उभे राहावे. पहिल्या तीन मिनिटांत कंटाळा येतो. पाचव्या मिनिटाला हाताची बोटे, वस्त्राची चुणी, उजेडाची दिशा दिसू लागते. ज्याला अजब बंगल्यात पंधरा मिनिटे उभे राहता येत नाही, त्याला उफ्फीत्सीत चार तास दिले तरी ते व्यर्थच.

तिसरी तयारी व्यवहाराची. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. संग्रहालय सोमवारी बंद असते, तसेच १ जानेवारी व २५ डिसेंबर या दिवशीही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो. पण त्या दिवशी चित्रांपेक्षा पाठमोरी डोकीच अधिक दिसतील. प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवता येते; सकाळची पहिली, सव्वाआठची, घ्यावी. पायऱ्या पुष्कळ आहेत. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी उद्वाहनाची चौकशी आधीच करावी. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मायकेलअँजेलोचा प्रसिद्ध डेव्हिड उफ्फीत्सीत नाही. तो १८७३ पासून अक्कादेमिया नावाच्या दुसऱ्या संग्रहालयात आहे आणि त्याचे तिकीट वेगळे. वासारीने १५६५ मध्ये नदीपलीकडच्या राजवाड्यापर्यंत बांधलेला उंचावरचा झाकलेला मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला आहे. त्यालाही स्वतंत्र वेळ घ्यावी लागते. हे सारे ध्यानात घेऊन आम्ही फ्लॉरेन्सचा मुक्काम एका दिवसाऐवजी दोन रात्रींचा करून घेतला आणि त्यासाठी दुसऱ्या एका शहरावर पाणी सोडले.

चौथी तयारी निवडीची, आणि तीच सर्वांत कठीण. जेवणाच्या पंगतीत सगळेच वाढून घेणाऱ्याला कशाचीच चव लागत नाही. मी थोडीच स्थळे निवडली आहेत.

आरंभी एकाच दालनात सिंहासनस्थ मातेची तीन भव्य चित्रे आहेत: चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांची. दुच्चोचे १२८५चे, जोत्तोचे १३१०च्या आसपासचे. तिघांनीही पार्श्वभूमी सोन्याची केली आहे. पण जोत्तोची माता खरोखर बसलेली आहे. तिच्या गुडघ्यांचा आकार वस्त्राखालून जाणवतो, तिला वजन आहे. याच काळात, इ. स. १२७८च्या सुमारास, आपल्या विदर्भात ऋद्धिपूरला म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढीत होते. त्यांतही अवतारी पुरुष बोलतो, चालतो, माणसांत वावरतो. ज्ञानेश्वरी १२९०ची, फ्लॉरेन्सच्या दान्तेने लोकभाषेत महाकाव्य रचले ते त्यानंतर वीस-तीस वर्षांत. त्याच काव्यात चिमाबुएची कीर्ती जोत्तोने मागे टाकल्याचा उल्लेख आहे. देवाला माणसांच्या भाषेत व माणसांच्या देहात आणण्याची ओढ दोन्हीकडे एकाच सुमारास का लागली, हा प्रश्न मनात घेऊन त्या दालनात उभे राहावे.

पुढे पिएरोने रंगविलेले उर्बीनोचे राजा-राणी. दोघेही कडेने दिसतात. राजाचा उजवा डोळा एका द्वंद्वखेळात गेला होता, म्हणून चित्रकाराने डावी बाजू दाखविली. पण नाकाचे मोडलेले हाड लपविले नाही. या फळ्यांच्या मागील बाजूही रंगविलेल्या आहेत, त्या चुकवू नयेत. मग बोत्तिचेल्लीचा ‘वसंत’ लाकडी फळीवर आणि ‘व्हीनसचा जन्म’ कापडावर. दुसरे चित्र जवळजवळ दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद आहे. पुस्तकातील छापावरून त्याची कल्पना येत नाही. लिओनार्दोच्या तरुणपणीच्या ‘वार्ता’ या चित्रात मेरीचा उजवा हात लांब वाटतो. तेच चित्र उजव्या बाजूला सरकून पाहिल्यास प्रमाण जुळू लागते. मग मायकेलअँजेलोचे गोल चित्र, आणि शेवटी राफाएलचे माता, दोन बालके व एक चिमुकला पक्षी असलेले चित्र.

या शेवटच्या चित्राची कथा माझ्या आजच्या विषयाशी जोडलेली आहे. १५४७ मध्ये ते ज्या घरी होते ते घरच कोसळले आणि चित्राचे सतरा तुकडे झाले. घरच्यांनी ते वेचून जोडून घेतले. पुढे साडेचार शतकांनी तज्ज्ञांनी सुमारे दहा वर्षे खपून जुनी डागडुजी व काळवंडलेले थर काढले आणि २००८ मध्ये ते पुन्हा भिंतीवर आले. सतरा तुकडे कोणी केरात टाकले असते तर?

हा प्रश्न मला फ्लॉरेन्सहून परत आपल्या गावी आणतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात आपला सौसर तालुकाही आला. सीमा सरकल्या, घरातील मराठी सरकली नाही. आपल्या माळ्यांवर, देव्हाऱ्यांत, जुन्या पेट्यांत हस्तलिखित पोथ्या आहेत, मोडीतील कागद आहेत, शेतीचे जुने हिशेब आहेत. घराची वाटणी झाली, नवे घर बांधले, की ते रद्दीत जातात. ते जाळणारा कोणी डलहौसी नसतो, आपणच असतो.

म्हणून या शाळेपुढे मी एक सूचना ठेवतो. आन्ना मारिया लुइझाच्या करारासारखा एक छोटासा करार आपणही करावा. ज्याची वस्तू त्याच्याच घरी राहील. मात्र शाळेत एक नोंदवही असेल, तीत वस्तूचे नाव, घर, स्थिती लिहिली जाईल, मुले तिची छायाचित्रे घेतील, आणि नोंद झालेली वस्तू शाळेला कळविल्याशिवाय विकणार नाही वा टाकणार नाही, अशी घरधन्याची सही त्यापुढे असेल. यास इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. दोनशे पानांची एक वही आणि दर शनिवारी दोन तास देणारा एक शिक्षक पुरे.

या वहीतील पहिली नोंद माझ्या घरची व्हावी म्हणून आजोबांच्या हातचे मोडी लिपीतील एक बाड मी सोबत आणले आहे. त्यात काव्य नाही. कापसाचे भाव, लग्नातला खर्च आणि पावसाच्या नोंदी आहेत. व्याख्यान संपताच ते मुख्याध्यापकांना दाखवून मी करारावर सही करणार आहे. फ्लॉरेन्सचे तिकीट हाती यावयाचे आहे. हे काम मात्र त्यापूर्वी उरकता येण्याजोगे आहे.